अमेरिकेत गांजा कायदेशीर झाला, म्हणजे नेमकं काय झालं?

ओरेगॉन राज्याच्या पूर्व टोकाला ऑन्टॅरियो नावाचं एक छोटं शहर आहे. वस्ती अकरा-बारा हजारांची, आजूबाजूला कांद्या-बटाट्याची शेती. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या मतदारांनी गांजाच्या दुकानांना परवानगी दिली आणि बघता बघता ते शहर ज्यात येतं तो मॅल्हूर परगणा (काउंटी) दरडोई गांजाविक्रीत अख्ख्या ओरेगॉनमध्ये पुढे गेला. गावकरी एवढे ओढतात असं नाही. नदी ओलांडली की आयडाहो राज्य लागतं आणि त्याची राजधानी बॉयसी गाडीने तासाभरावर आहे. आयडाहोत गांजा औषध म्हणूनही चालत नाही, आणि 2025 पासून तर जवळ थोडासा सापडला तरी किमान 300 डॉलर दंड ठरलेला आहे. त्यामुळे ऑन्टॅरियोच्या दुकानांसमोर आयडाहोच्या नंबरप्लेटच्या गाड्या उभ्या असतात. गुजरातची मंडळी शनिवार-रविवारी दमणला का जातात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

पण एक मोठा फरक आहे. दमणच्या दुकानातली दारू भारत सरकारच्या लेखी गुन्हा नाही. ऑन्टॅरियोच्या दुकानातला गांजा मात्र अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या लेखी गुन्हाच आहे. राज्याचा परवाना भिंतीवर लावलेला, राज्याचा कर भरलेला, प्रत्येक रोपाला नंबर दिलेला, तरीही गुन्हा. अमेरिकेतल्या गांजाबद्दलची प्रत्येक विचित्र बातमी या एका गाठीतून निघते. राज्यांनी शिक्षा करणं सोडलं, पण केंद्राने परवानगी कधी दिलीच नाही.

एकाच दुकानाला दोन कायदे

1970 मध्ये अध्यक्ष निक्सन यांच्या काळात अमेरिकेने 'नियंत्रित पदार्थ कायदा' केला आणि अमली पदार्थांचे पाच वर्ग पाडले. पहिल्या वर्गात ज्यांचा मान्य वैद्यकीय उपयोग नाही आणि व्यसनाचा धोका मोठा आहे असे पदार्थ. गांजा हेरॉइन आणि एलएसडीच्या शेजारी तिथेच बसवला. कोकेन आणि फेंटानिल (अतितीव्र वेदनाशामक) दुसऱ्या वर्गात आहेत, कारण त्यांचा दवाखान्यात थोडाफार उपयोग होतो. म्हणजे कागदावर फेंटानिल हे गांजापेक्षा सौम्य! गांजाच्या प्रश्नावर नेमलेल्या आणि निक्सन यांनीच ज्याचा अध्यक्ष नेमला होता त्या शेफर आयोगाने 1972 मध्ये सांगितलं, की स्वतःपुरता गांजा बाळगणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नका. निक्सन यांनी ते ऐकलं नाही, आणि तात्पुरता म्हणून केलेला तो वर्ग पुढे पन्नास वर्षं टिकला.

मग राज्यं याविरुद्ध कशी जाऊ शकतात? भारतात नार्कोटिक्सचा म्हणजे एनडीपीएसचा कायदा संसदेचा असतो आणि तो राबवतात महाराष्ट्र, गोवा, पंजाबचे पोलीस. राज्याला 'आम्ही नाही राबवणार' असं म्हणता येत नाही. अमेरिकेत म्हणता येतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1990 च्या दशकात दोन निकालांत स्पष्ट केलं, की केंद्र सरकार राज्याच्या विधिमंडळाला अमुक कायदा करा असं फर्मावू शकत नाही आणि राज्याच्या पोलिसांना आपल्या कामाला जुंपू शकत नाही. केंद्राला आपला कायदा राबवायचा असेल तर आपल्या माणसांनी राबवावा. अमली पदार्थविरोधी केंद्रीय यंत्रणेकडे, म्हणजे डीईएकडे, देशभरात मिळून जेवढे अधिकारी आहेत त्यांत कॅलिफोर्नियातल्या अंगणांतली रोपं मोजणं शक्य नाही. गांजाच्या बहुतेक अटका राज्यांचे आणि शहरांचे पोलीसच करत आले. त्यांनी हात आखडता घेतला की केंद्राचा कायदा बराचसा पुस्तकात राहतो.

पुस्तकात राहतो, पण रद्द होत नाही. 2005 च्या 'गोन्झालेस विरुद्ध रेश' खटल्यात हे पक्कं झालं. कॅलिफोर्नियाने 1996 मध्येच औषधी गांजाला परवानगी दिली होती. तरी दुखण्यासाठी घरी सहा रोपं लावणाऱ्या रुग्णावरही केंद्र कारवाई करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी ठरवलं.

म्हणजे सगळं चाललंय ते केंद्राच्या कानाडोळ्यावर. 2013 मध्ये ओबामा सरकारच्या न्याय खात्याने एक परिपत्रक काढलं. त्याचा मथितार्थ असा: मुलांना विकू नका, दुसऱ्या राज्यात नेऊ नका, टोळ्यांना शिरू देऊ नका, मग आम्हीही त्रास देणार नाही. 2018 च्या जानेवारीत ट्रम्प यांचे ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी ते मागे घेतलं. धाडी पडतील असं वाटलं, पडल्या नाहीत. औषधी गांजाला त्यातल्या त्यात भक्कम आधार आहे. 2014 पासून अर्थसंकल्पात एक ओळ घातली जाते, की राज्यांच्या औषधी गांजाच्या कारभारात अडथळा आणायला न्याय खात्याने पैसा खर्च करायचा नाही. ही ओळ सतत नव्याने घालावी लागते. अब्जावधी डॉलरच्या धंद्याचं संरक्षण अर्थसंकल्पाच्या एका ओळीवर असणं मला तरी थक्क करतं.

चोवीस राज्यं, चोवीस तऱ्हा

2012 च्या नोव्हेंबरमध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या मतदारांनी 21 वर्षांवरच्या कुणालाही मौजेसाठी गांजा घ्यायला मोकळीक दिली. 'मतदारांनी' हे मुद्दाम लिहिलं. अमेरिकेच्या जवळपास निम्म्या राज्यांत ठराविक सह्या गोळा केल्या की एखादा प्रश्न थेट मतपत्रिकेवर टाकता येतो, आमदारांना वगळून. गांजाच्या बाबतीत सुरुवातीची सगळी राज्यं याच वाटेने आली, कारण आमदार घाबरत होते आणि मतदार घाबरत नव्हते. मौजेच्या गांजाला विधिमंडळातून मंजुरी देणारं पहिलं राज्य व्हर्मॉन्ट, तेही 2018 मध्ये. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये ओहायो आलं आणि आकडा 24 वर गेला. औषध म्हणून परवानगी देणारी राज्यं सुमारे 40 आहेत.

चोवीस म्हटलं तरी दोन राज्यांचा नियम सारखा नाही. कोलोरॅडोत घरी सहा रोपं लावा, कुणी विचारणार नाही. न्यूयॉर्कमध्येही रोपं चालतात, पण शेजारच्या न्यू जर्सीत दुकानातून खुशाल विकत घ्या आणि घरी एक रोप लावा, तो गुन्हा. न्यूयॉर्कमध्ये जिथे सिगारेट ओढता येते तिथे बहुतेक ठिकाणी गांजाही ओढता येतो, कोलोरॅडोत रस्त्यावर ओढला तर दंड. व्हर्जिनियाने तर कमाल केली. 2021 पासून तिथे गांजा जवळ बाळगणं आणि चार रोपं लावणं कायदेशीर झालं, पण विकत घ्यायला दुकान नव्हतं. दुकानांचं विधेयक विधिमंडळाने 2024 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये मंजूर केलं, तेव्हाचे गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनी दोन्ही वेळा नकाराधिकार वापरला. पिकवा, ओढा, मित्राला द्या, फक्त विकू नका.

राजधानी वॉशिंग्टन डीसीची कथा याहून मजेशीर. तिथल्या लोकांनी 2014 मध्ये कौल दिला, पण शहराच्या कारभारावर काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, अंकुश आहे. काँग्रेसने अर्थसंकल्पातच अडसर घातला, की विक्रीची व्यवस्था उभारायला पैसा वापरायचा नाही. मग दुकानदारांनी शक्कल लढवली. तुम्ही एक साधं स्टिकर चाळीस-पन्नास डॉलरला विकत घ्यायचं, सोबत गांजा 'भेट'. संसद भवनापासून हाकेच्या अंतरावर हा व्यवहार वर्षानुवर्षं चालला.

जिथे दुकानं आहेत तिथे मात्र शिस्त कडक आहे. बऱ्याच राज्यांत प्रत्येक रोपाला टॅग लागतो आणि बी रुजल्यापासून पाकीट विकलं जाईपर्यंत त्याची नोंद सरकारी संगणकावर राहते. खाण्याच्या गोळ्यांत, गमीत, टीएचसी म्हणजे नशा आणणारा घटक किती असावा हे ठरलेलं असतं. कॅलिफोर्निया आणि कोलोरॅडोत एका वेळच्या मात्रेत 10 मिलिग्रॅम आणि अख्ख्या पाकिटात 100. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्रा 5 मिलिग्रॅमचीच. अस्वलाच्या, फळांच्या आकाराच्या गमी कोलोरॅडोने 2017 मध्ये बंद केल्या, कारण मुलं खाऊ समजून तोंडात टाकत होती.

मालाची तीव्रता हा खरा काळजीचा विषय आहे आणि कायदे तिथे मागे पडलेत. पोलिसांनी पकडलेल्या गांजात 1995 च्या सुमारास सरासरी 4 टक्के टीएचसी असायचं, आता ते 15 टक्क्यांच्या वर असतं, आणि अर्क काढून बनवलेल्या मालात 70-80 टक्केही असतं. ज्यांनी कॉलेजात असताना ओढला आणि 'त्यात काय एवढं' म्हणून मत दिलं, त्यांच्या डोळ्यांसमोरचा गांजा वेगळाच होता. व्हर्मॉन्टसारख्या मोजक्या राज्यांनी वरची मर्यादा घातली. इलिनॉयने दुसरा मार्ग काढला. तिथे 35 टक्क्यांपर्यंत टीएचसी असेल तर 10 टक्के कर, त्यावर असेल तर 25 टक्के.

गाडी चालवण्याचा प्रश्न तर कुणालाच नीट सुटलेला नाही. दारूचं प्रमाण आणि माणसाची धुंदी यांचा हिशोब बऱ्यापैकी जुळतो, म्हणून फुंकर मारायचं यंत्र चालतं. टीएचसी चरबीत मुरतं, रोज घेणाऱ्याच्या रक्तात ते नशा उतरल्यावरही रेंगाळतं. वॉशिंग्टन राज्याने रक्ताच्या एका मिलिलिटरमागे 5 नॅनोग्रॅम ही रेघ आखली. रोज औषध म्हणून घेणारा पूर्ण शुद्धीत असूनही ती ओलांडू शकतो, आणि पहिल्यांदाच गमी खाल्लेला माणूस धुंदीत असूनही खाली राहू शकतो.

पैशाचं गणित

या धंद्यात सगळे गब्बर झाले असतील असं वाटतं ना? आता एक काल्पनिक दुकान घेऊ. वर्षाची विक्री 10 लाख डॉलर. माल घ्यायला लागले 6 लाख. भाडं, पगार, वीज, पहारेकरी मिळून 3 लाख. उरले 1 लाख. साध्या दुकानाला या लाखावर 21 टक्के, म्हणजे 21 हजार डॉलर केंद्रीय कर पडेल. गांजाच्या दुकानाला मात्र करसंहितेतलं '280ई' कलम लागतं. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गातल्या अमली पदार्थांचा व्यापार करणाऱ्याला भाडं, पगार यांसारखे खर्च वजा करता येत नाहीत, फक्त मालाची किंमत वजा होते. म्हणजे कर 4 लाखांवर, 84 हजार डॉलर. लाखातले हातात उरले 16 हजार, आणि राज्याचा कर अजून बाकीच आहे.

हे कलम आलं कुठून? मिनियापोलिसमधल्या एका अमली पदार्थ विक्रेत्याने वजनकाटा, गाडी, फोन आणि घरभाड्याचा काही भाग हा धंद्याचा खर्च म्हणून दाखवला, आणि 1981 मध्ये कर न्यायालयाने तो मान्य केला. काँग्रेस चिडली आणि 1982 मध्ये तिने हे कलम आणलं. चोरट्या विक्रेत्यासाठी लावलेल्या सापळ्यात पुढे सरकारी परवानाधारकच अडकले.

बँकांची गोष्टही तशीच. बँका केंद्रीय कायद्याखाली येतात, आणि केंद्राच्या लेखी हा पैसा गुन्ह्याचा. त्यामुळे मोठ्या बँका खातं उघडत नाहीत, क्रेडिट कार्ड चालत नाही. दुकानात एटीएम ठेवलेलं असतं, लोक रोख काढून रोख देतात, आणि दुकान लुटारूंच्या नजरेत येतं. बँकांना अभय देणारं विधेयक प्रतिनिधीगृहाने सात वेळा मंजूर केलं, सेनेटमध्ये ते अडकलं ते अडकलंच.

त्यात राज्याराज्यांमधली वाहतूक बंद. ओरेगॉनमध्ये माल पडून कुजतो आणि दोन राज्यं पलीकडे तो महाग विकला जातो, पण सीमा ओलांडली की तो केंद्राचा गुन्हा होतो. प्रत्येक राज्य म्हणजे एक बेट, ज्याने त्याने आपलं पिकवायचं, तपासायचं, खपवायचं. मिशिगनमध्ये एवढं पीक आलं की 2020 च्या सुरुवातीला औंसाला, म्हणजे 28 ग्रॅमला, 400 डॉलरच्या वर असलेला भाव 2025 मध्ये 70 च्या खाली आला. राज्य सरकारला मात्र यात रस्त्यांसाठी पैसा दिसला, आणि 1 जानेवारी 2026 पासून घाऊक मालावर 24 टक्के नवा कर बसला. कॅलिफोर्नियाने हाच प्रयोग आधी करून पाहिला होता. तिथे जुलै 2025 मध्ये अबकारी कर 15 वरून 19 टक्के झाला, परवानाधारकांनी आरडाओरडा केला आणि ऑक्टोबरमध्ये तो परत 15 वर आणावा लागला. चोरटा विक्रेता कर भरत नाही, तपासणी करत नाही. कर वाढवला की गिऱ्हाईक त्याच्याकडे जातं, एवढं साधं आहे हे. शिवाय कॅलिफोर्नियात निम्म्याहून अधिक गावं-परगणे दुकानाला परवानगीच देत नाहीत, तिथे आधीपासूनच चोरट्यांचं राज्य आहे.

न्यूयॉर्कने हेतू चांगला ठेवला आणि अंमलात माती खाल्ली. कायदा 31 मार्च 2021 ला झाला. पहिले परवाने गांजाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना किंवा त्यांच्या कुटुंबीयांना द्यायचे असं ठरलं. यामागे कारण होतं. नागरी हक्क संघटना एसीएलयूच्या 2020 च्या अहवालानुसार गोरे आणि काळे सारख्याच प्रमाणात गांजा ओढत असूनही काळ्यांना अटक होण्याची शक्यता सुमारे 3.6 पट होती. ज्यांनी भोगलं त्यांना धंद्यात पहिला मान, हे न्यायाचंच. पण पहिलं दुकान मॅनहॅटनमध्ये उघडायला 29 डिसेंबर 2022 उजाडलं, मग खटले झाले, स्थगिती आली, कर्ज मिळेना. तोवर बाळगणं कायदेशीर झालेलं, म्हणून कोपऱ्याकोपऱ्यावर हजारांच्या घरात बिनपरवाना दुकानं उघडली. 2024 मध्ये शहराला टाळं ठोकायचे अधिकार मिळाले तेव्हा कुठे ती आवरायला सुरुवात झाली.

हेम्पचं भगदाड

आतापर्यंत सांगितलं ते परवान्याच्या दुकानांचं. पण टेक्साससारख्या राज्यात, जिथे मौजेचा गांजा बंद आहे, तिथे पेट्रोल पंपावर टीएचसीच्या गमी कशा मिळत होत्या?

2018 च्या शेती कायद्यात काँग्रेसने 'हेम्प' मोकळं केलं. दोर, कापड, बियांचं तेल यांसाठीचं पीक. हेम्प आणि गांजा ही वनस्पती एकच, फरक फक्त कायद्याच्या रेघेचा: वाळलेल्या वजनात डेल्टा-9 टीएचसी (टीएचसीचा मुख्य प्रकार) 0.3 टक्क्यांपर्यंत असेल तर हेम्प, जास्त असेल तर गांजा. ही 0.3 ची रेघ अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1976 मध्ये वर्गीकरणाच्या सोयीसाठी आखली होती, आणि ती मनाने आखली आहे असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं.

आता टक्केवारीचा खेळ बघा. 4 ग्रॅमच्या गमीचे 0.3 टक्के म्हणजे 12 मिलिग्रॅम. परवान्याच्या दुकानात एका वेळची मात्रा 10 मिलिग्रॅमची! म्हणजे पूर्ण नशेची गमी 'हेम्प' म्हणून विकता यायची. 355 ग्रॅमच्या शीतपेयात तर याच हिशोबाने हजार मिलिग्रॅमच्या वर बसतं. शिवाय कायद्याने नाव घेतलं होतं फक्त डेल्टा-9 चं. रसायनज्ञांनी सीबीडी या हेम्पमधल्या नशा न आणणाऱ्या घटकापासून डेल्टा-8 बनवलं, तेही चढतं. टीएचसीए नावाचा घटक कच्च्या फुलात निरुपद्रवी असतो, काडी लावली की डेल्टा-9 होतो. तोही हेम्प म्हणून विकला गेला. मिनेसोटात 2022 मध्ये विधिमंडळाने 5 मिलिग्रॅमच्या गमींना परवानगी देऊन टाकली आणि एका वजनदार सेनेटरला ते मतदानानंतर कळलं.

टेक्सासच्या विधिमंडळाने 2025 मध्ये हे सगळं बंद करायचं विधेयक मंजूर केलं, तर गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी जूनमध्ये ते फेटाळलं. शेवटी घाव केंद्रानेच घातला. सरकारी टाळेबंदी (शटडाऊन) संपवणाऱ्या, 12 नोव्हेंबर 2025 ला सही झालेल्या खर्चाच्या कायद्यात एक तरतूद आली. आता सगळ्या प्रकारचं टीएचसी मिळून मोजायचं, कृत्रिमरीत्या बनवलेलं चालणार नाही, आणि विक्रीच्या एका डबीत एकूण 0.4 मिलिग्रॅमच्या वर नको. अंमलबजावणीला एक वर्षाची मुदत दिली. 2018 मध्ये हेम्प मोकळं करण्यात पुढाकार होता केंटकीचे सेनेटर मिच मॅकॉनेल यांचा, आणि ही बंदी आणण्यातही त्यांचाच. त्यांच्याच राज्याचे दुसरे सेनेटर रँड पॉल विरोधात उभे होते.

वर्ग तीन

2022 च्या ऑक्टोबरमध्ये बायडन यांनी गांजाचा वर्ग तपासायला सांगितलं. आरोग्य खात्याने 2023 मध्ये तिसऱ्या वर्गाची शिफारस केली, न्याय खात्याने मे 2024 मध्ये तसा प्रस्ताव काढला आणि मग डीईएच्या सुनावणीत गाडं रुतलं. 18 डिसेंबर 2025 ला ट्रम्प यांनी हे काम लवकर उरका असा आदेश काढला. 'ट्रम्पनी गांजा कायदेशीर केला' अशा मथळ्यांनी त्या दिवशी बराच घोळ घातला. त्या सहीने वर्ग बदलला नव्हता, बदलाची प्रक्रिया फक्त पुढे रेटली होती.

आणि तिसरा वर्ग म्हणजे मोकळीक नव्हे. केटामाइन, कोडीनवाल्या काही वेदनाशामक गोळ्या, स्नायू फुगवणारी स्टेरॉइड्स या वर्गात येतात. ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर, मंजूर औषध म्हणून मिळतात. नाक्यावरचं गांजाचं दुकान या व्याख्येतही बसत नाही. तिसऱ्या वर्गाने दोन गोष्टी मात्र खरोखर होतात. संशोधकांच्या वाटेतले बरेच अडथळे दूर होतात. आणि 280ई फक्त पहिल्या-दुसऱ्या वर्गाला लागत असल्यामुळे वरच्या हिशोबातला 84 हजारांचा कर परत 21 हजारांवर येतो. या आदेशाची सगळ्यात आतुरतेने वाट कंपन्यांचे हिशोबनीस पाहत होते, यात आश्चर्य नाही.

मतदारांचा उत्साह मात्र ओसरलाय. 2024 मध्ये फ्लोरिडात सुमारे 56 टक्के लोकांनी होकार दिला, पण तिथे घटना बदलायला 60 लागतात, त्यामुळे प्रस्ताव पडला. नॉर्थ आणि साउथ डकोटाने नाकारला. साउथ डकोटाने 2020 मध्ये हो म्हटलं होतं, न्यायालयाने ते रद्द केलं आणि नंतर दोनदा लोकांनीच नाही म्हटलं. त्याच दिवशी नेब्रास्कात औषधी गांजाला सुमारे 70 टक्के मतं पडली. आजाऱ्याला द्या, दुकानं नकोत, असा हा कौल दिसतो. ओहायोत डिसेंबर 2025 मध्ये सही झालेल्या कायद्याने मतदारांनीच मंजूर केलेले नियम आवळले: अर्कातल्या टीएचसीची मर्यादा 90 वरून 70 टक्के, आणि शेजारच्या मिशिगनमधून स्वस्त माल आणणं गुन्हा. आयडाहोच्या आमदारांनी तर मतपत्रिकेचा रस्ताच बंद करायचा घाट घातला. अमली पदार्थांना मोकळीक द्यायचा अधिकार फक्त विधिमंडळाचा, अशी घटनादुरुस्ती त्यांनी 2026 च्या मतदानासाठी पाठवली.

आपल्या पोरांसाठी

न्यू जर्सीत, शिकागोत, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात शिकणारी किंवा एच-1बीवर काम करणारी मराठी मुलं हजारोंनी आहेत, आणि त्यांच्या वसतिगृहासमोर हे दुकान झगमगत असतं. हे पुढचं त्यांच्या आईबाबांनीही वाचावं.

व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व हा सगळा केंद्राचा कारभार आहे. तिथे राज्याचा कायदा मोजला जात नाही. गांजाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली नसली, तरी अधिकाऱ्यासमोर 'हो, घेतला होता' अशी कबुली दिली तर तेवढ्यावर प्रवेश नाकारला जाऊ शकतो. कॅलिफोर्नियात पावती घेऊन विकत घेतलेला असला तरीही. 30 ग्रॅमपर्यंत स्वतःसाठी बाळगल्याच्या एकाच प्रकरणाला हद्दपारीतून सूट आहे, पण ती सूट परत आत येताना तशीच्या तशी लागू होत नाही. एप्रिल 2019 मध्ये नागरिकत्व देणाऱ्या खात्याने मार्गदर्शक सूचना काढली, की राज्यात कायदेशीर असलेल्या गांजाच्या धंद्यात नोकरी केली तरी 'सचोटीच्या वर्तना'ची अट मोडू शकते. म्हणजे दुकानाच्या काउंटरवर उभं राहणारा ग्रीन कार्डधारक नागरिकत्वाला मुकू शकतो. बायडन यांनी 2022 मध्ये गांजा बाळगण्याच्या केंद्रीय गुन्ह्यांना दिलेली माफीही नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांपुरती होती, एच-1बी आणि एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) वाले त्यात नव्हते.

तिसऱ्या वर्गात गेल्यावर हे सुटेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. सुटत नाही. स्थलांतर कायदा 'नियंत्रित पदार्थ' एवढंच म्हणतो, पाचांपैकी कोणताही वर्ग त्यात येतो.

राष्ट्रीय उद्यानं केंद्राची जमीन आहेत. कोलोरॅडोत घेतलेलं पाकीट खिशात ठेवून रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये गेलात, तर राज्य तेच, पण गुन्हा लागू. दोन कायदेशीर राज्यांमधल्या विमानप्रवासातही तेच. आणि सुट्टीत घरी येताना बॅगेत उरलेल्या गमी राहिल्या, तर मुंबई विमानतळावर एनडीपीएस कायदा 1985 लागतो. त्याच्या व्याख्येतून भांगेची पानं वगळली आहेत म्हणून आपल्याकडे काही राज्यांत भांगेचे सरकारी ठेके आहेत. टीएचसीचा अर्क घातलेल्या गमीला ती सवलत नाही, आणि न्यू जर्सीच्या दुकानाची पावती तिथे पुरावा म्हणून उलट तुमच्याविरुद्धच जाईल.